हॉल्ट हाही हुकूमच असतो

फौजेत वाहनांच्या ताफ्याचा, म्हणजे कॉन्व्हॉयचा, हुकूम निघतो तेव्हा त्यात दोन तऱ्हेच्या वेळा लिहिलेल्या असतात. पहिली गाडी किती वाजता सुटेल, कुठल्या पुलावरून किती वाजता पुढे जाईल, मुक्कामी कधी पोचेल, या चालण्याच्या वेळा. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, रात्र कोणत्या ट्रान्झिट कॅम्पात काढायची, या थांबण्याच्या वेळा. दोन्हींच्या खाली सही एकाच अधिकाऱ्याची असते. ‘मला झोप नाही आलेली साहेब, पुढे काढतो’ असं म्हणायची मुभा ड्रायव्हरला नसते. ‘आजचा हॉल्ट गाळून टाकू’ असं म्हणायची मुभा कॉन्व्हॉय कमांडरलाही नसते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हॉल्ट म्हणजे चहा. चहा असतोच. पण त्याआधी ड्रायव्हर खाली उतरतो, टायरला हात लावून तापलाय का ते पाहतो, चाकाचे नट, तेल, पाणी, मालावरचे दोर तपासतो. याला आम्ही हॉल्ट परेड म्हणतो. गाडी तपासता तपासता त्याचे पाय मोकळे होतात, नजर लांबवर जाते. आणि रांगेतून फिरणारा एमटीचा सुभेदार गाड्यांपेक्षा ड्रायव्हरांच्या चेहऱ्यांकडे जास्त बघत असतो. कोणाचे डोळे लाल आहेत, कोण विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देतोय, हे त्याला बरोबर कळतं. तिथल्या तिथे तो सहचालकाला स्टिअरिंगवर बसवतो. चर्चा होत नाही.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं या गाड्यांच्या संगतीत गेली. पठाणकोट ते श्रीनगर, श्रीनगर ते कारगिल आणि लेह, पुढे ईशान्येत तेजपूरहून बोमडिलामार्गे तवांग. या सगळ्या रस्त्यांवर आमच्या हिरव्या गाड्यांच्या मागेपुढे रंगीबेरंगी सिव्हिल ट्रक असायचे. त्यांच्याकडे पाहून माझं एक मत पक्कं होत गेलं, ते आज मांडतो. ड्रायव्हरची झोप ही ड्रायव्हरची खाजगी बाब नाही. जो वेळापत्रक लिहितो, गाडी अमुक वाजता पोचली पाहिजे असं सांगतो, त्याची ती जबाबदारी आहे. आपल्या देशात ट्रकच्या चालण्याच्या वेळेवर सही करणारे पुष्कळ आहेत, थांबण्याच्या वेळेवर सही करणारा कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे याचा कायदाच नसेल. आहे, आणि चांगला जुना आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चौकट घालून दिली: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. सलग ५ तासांहून जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. लांब पल्ल्यासाठी सवलत आहे, पण तीही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंतच. पाचाहून कमी कामगार असलेल्या मालकाला हा कायदा लागू नाही, अशी पळवाट कोणी दाखवली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ आहे. ते सांगतं की वाहतुकीचं वाहन चालवणाऱ्या कोणाचेही कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच असतील. आता हा जुना कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेतला आहे. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि दिवसाला साधारण ९ तासच चालवता येतं. कागदावर आपण त्यांच्या फार मागे नाही.

मागे आहोत ते कागदाच्या बाहेर. युरोपातल्या ट्रकमध्ये टॅकोग्राफ असतो. गाडी किती चालली, किती थांबली ते तो नोंदवतो आणि रस्त्यावर कोणीही अधिकारी ते तपासू शकतो. आमच्या फौजी गाडीत कार डायरी असते, तिच्यात नोंद झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. सिव्हिल ट्रकवाल्याकडे आरसी, परमिट, विमा, पीयूसी, ई-वे बिल असे कागद मागतात. ‘शेवटचा कधी झोपलास?’ हे विचारणारा कागद त्याच्याकडे कोणी मागत नाही.

लडाखचं उदाहरण घेतो, कारण तिथे हा फरक एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दिसतो. बर्फाने रस्ते बंद व्हायच्या आत वरच्या तुकड्यांचा हिवाळ्याचा साठा पोचवावा लागतो. पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल, दारूगोळा, बांधकामाचं सामान. यातला बराच माल फौज स्वतःच्या गाड्यांतून नेते आणि बराच भाड्याने घेतलेल्या सिव्हिल ट्रकांमधून जातो. झोजिला तोच, साडेअकरा हजार फुटांचा. पुढचा फोटू ला त्याहून उंच, तेरा हजारांच्या वर. पण स्टॅलियनमधल्या माझ्या जवानाजवळ सहचालक आहे, ठरलेले हॉल्ट आहेत, रात्री ट्रान्झिट कॅम्पात खाट आणि गरम जेवण आहे. त्याच्या मागच्या ट्रकवाल्याजवळ एक पोरसवदा क्लीनर आहे आणि मालकाचा फोन आहे.

काही वर्षांपूर्वी एका खोऱ्यातल्या डेपोबाहेर असाच एक ट्रकवाला मला भेटला. पन्नाशीचा, पंजाबकडचा, दाढी पांढरी झालेली. माल उतरवायला तीन दिवस तो रांगेत होता. मी सहज म्हटलं, ‘चलो उस्ताद, तीन दिन आराम तो मिला.’ तो हसला. ‘साबजी, आराम कैसा? लाइन रात को भी सरकती है. सो गए तो पीछेवाला आगे.’ रांग दर तास-दीड तासाने एक गाडी पुढे सरकायची. सरकली नाही तर नंबर गेला. म्हणून तो आणि क्लीनर आळीपाळीने जागत होते, आणि क्लीनरला गाडी सरकवता येत नसल्यामुळे पाळी बहुतेक याचीच असायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी रिकामी झाली. लगेच फोन आला की खालच्या मंडीत सफरचंदांचा माल भरायला उद्या संध्याकाळपर्यंत पोच. तो त्याच रात्री निघाला. पहाटे एका वळणावर ट्रक रस्ता सोडून खाली गेला. तो वाचला. क्लीनर गेला, एकोणीस वर्षांचा होता.

त्या वळणावर कोणतीही भरलेली वा रिकामी गाडी वीसच्या वर जात नाही. तरी नोंद झाली ती निष्काळजीपणे आणि वेगाने गाडी चालवल्याची. ती नोंद करणाऱ्या हवालदाराला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या फॉर्ममध्ये झोपेला जागाच नव्हती. देशाचे अपघातांचे वार्षिक आकडे बघा. २०२२ मध्ये ४ लाख ६१ हजार अपघात झाले, १ लाख ६८ हजार माणसं गेली. नियमभंगाच्या रकान्यांत अतिवेग आहे, दारू आहे, उलट दिशेने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल आहे. झोप आणि थकवा यांचा वेगळा रकाना नाही. दहातल्या सात मृत्यूंचं खातं अतिवेगावर पडतं. झोपलेल्या माणसाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच असतो, हे त्यातल्या कितींच्या बाबतीत खरं होतं, ते शोधायची सोयच आपण ठेवलेली नाही. जे मोजत नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

कलम ९१ मध्ये आणखी एक गंमत आहे. ड्रायव्हर काम करत नाही पण त्याला गाडीत किंवा गाडीजवळ राहणं भाग आहे, असा वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती धरायचा, हे ठरवायचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. म्हणजे रांगेत जागून काढलेली रात्र कागदावर आराम ठरू शकते. ज्याने कधी रांगेतल्या ट्रकमध्ये रात्र काढली आहे त्याला हे वाचून हसू येईल. साखर कारखान्याच्या यार्डात उसाची गाडी घेऊन नंबर लागायची वाट बघणाऱ्या आपल्या गावाकडच्या माणसाला विचारा, तो आराम असतो का म्हणून.

झोपेबद्दल आपल्याकडे, आणि फौजेत तर जास्तच, एक मर्दुमकीची कल्पना आहे. खडकवासल्याच्या अकादमीत तीन वर्षांत आम्ही उभ्याने झोपायला शिकलो, क्लासमध्ये उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलो, आणि किती कमी झोपेत चालतं याच्या फुशारक्या अजूनही बॅचच्या पार्ट्यांमध्ये मारतो. कॅडेट पडला तर गुडघा फुटतो. पंधरा टनांची गाडी घेऊन पडणाऱ्याचं तसं नसतं. सतरा तास सलग जागा असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवताना दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्याला आपण गुन्हेगार म्हणतो आणि सतरा तास जागलेल्याला मेहनती. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर स्वतःहून झोप मागतं. तिथे निर्धार, मिरची, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांचा उपयोग थोडा वेळच होतो. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर कोणाच्याही ताब्यात नसते.

शरीराची मर्यादा हुकुमात कशी बसवायची, हे फौजेला माहीत नाही असं नाही. उंचीवर जाताना ९ हजार फुटांच्या वर सहा दिवस, १२ हजारांच्या वर आणखी चार, १५ हजारांच्या वर आणखी चार दिवस सवय करून घ्यावी लागते. तिथे कोणी ‘मी तगडा आहे’ म्हणून पुढे जात नाही. कारण हा नियम जवानाच्या हिमतीवर सोडलेला नाही. तो यायच्या तारखेतच हे दिवस धरलेले असतात. फुफ्फुसांना हा मान मिळाला, कारण तो न देण्याची किंमत डॉक्टरांनी मोजून दाखवली. डोळ्यांनाही तो मिळायला हवा.

आपल्या एसटीचंही उदाहरण देतो. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, तेव्हापासून मुक्कामी गाडी ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यांना ठाऊक आहे. रात्री गाडी गावात येते, चालक-वाहक तिथेच राहतात, सकाळी पहिली फेरी घेऊन परततात. मुक्कामाची सोय कित्येक ठिकाणी वाईट असते, देवळाच्या ओट्यावर किंवा गाडीतच झोपावं लागतं. त्यावर बोलायला हवंच. पण मुक्काम वेळापत्रकात छापलेला असतो, हे महत्त्वाचं. गाव, डेपो, प्रवासी, सगळ्यांना माहीत असतं की ही गाडी आता सकाळीच निघणार. ट्रकवाल्याच्या नशिबात असा छापील मुक्काम नाही.

रस्ते सुधारले की हे आपोआप सुटेल, असं म्हणणारे भेटतात. माझा अनुभव उलट आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे कराचे नाके उठले. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. अटल बोगद्याने मनाली-केलाँगचं अंतर ४६ किलोमीटरने कमी केलं, सेला बोगदाही झाला. ही सगळी कामं चांगली आहेत, आमच्यासाठी तर फारच. पण वाचलेला प्रत्येक तास गेला कुठे? पुढच्या फेरीत गेला. पूर्वी नाक्यावरच्या रांगेत, कटकटीचा का होईना, ड्रायव्हरला डोळा मिटायला मिळायचा. तो अडथळा गेला, आणि त्याच्या जागी मुद्दाम ठरवलेली विश्रांती आली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं आहे, हे उत्तम झालं. मात्र थंड केबिनमध्ये सोळा तास चालवणं सोपं जातं म्हणून कोणी सोळा तास चालवून घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्रायव्हरलाच जास्त चालवायचं असतं, कारण पैसे फेरीमागे मिळतात. थांबलं की भत्ता बुडतो. खरं आहे. म्हणूनच जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, असं मी म्हणतो. भुकेल्या माणसाला निवड दिली तर तो झोप विकतो. तिसरा आक्षेप भाड्याचा. तास पाळले तर गाड्या जास्त लागतील, भाडं वाढेल, टोमॅटो-कांदा महागेल. काही वाढेलच, ते नाकारून उपयोग नाही. पण सफरचंद आणि टोमॅटो थांबू शकत नाहीत म्हणून माणूस थांबू नये, असं गणित मांडायचं कारण नाही. गाडी चालू ठेवून माणूस बदलता येतो. जुन्या डाकेच्या वाटेवर चौकी आली की घोडा बदलायचे. घोड्याला जे मिळत होतं ते ड्रायव्हरला द्यायला हरकत कसली? अडीच-तीनशे किलोमीटरवर ड्रायव्हर बदलला, तर माल लवकरही पोचतो आणि तो माणूस रात्री घरी झोपतो.

मग करायचं काय? सुरुवात आपल्या गेटपासून करावी, कारण डेपो, गोदाम, कारखाना, बंदर, जिथे माल चढतो-उतरतो तिथेच ड्रायव्हरच्या झोपेची सगळ्यात जास्त चोरी होते. गाडी आल्याबरोबर टोकन द्यावं, नंबर टोकनवर चालावा, गाडी सरकवण्यावर नाही. ड्रायव्हरला खाट, पाणी, संडास द्यावा आणि पाळी आली की फोन करून उठवावं. दोन-तीन तासांपुढे प्रत्येक तासाच्या थांबण्याचे पैसे ज्याने थांबवलं त्याने द्यावेत. मग रांगा आपोआप आखूड होतील. गाडी भाड्याने घेणाऱ्याने, त्यात फौजही आली, करारात पोचायच्या वेळेबरोबर थांबायच्या वेळा लिहाव्यात, आणि विश्रांतीमुळे झालेल्या उशिराला दंड लावू नये. आज बहुतेक मालकांच्या फोनवर गाडीचं जीपीएस दिसतं. ‘गाडी का थांबली?’ असा फोन करायला ते वापरलं जातं. त्याच यंत्राला ‘पाच तास झाले, गाडी का थांबली नाही?’ हेही विचारता येतं, नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. आणि अपघाताच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवावी: ड्रायव्हर किती तास जागा होता, आणि त्याला किती वाजता कुठे पोचायला सांगितलं होतं, कोणी.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या न्याय संहितेतल्या धडकून पळून जाण्याच्या, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलमावरून जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत देशभरातले ट्रकवाले संपावर गेले. ते कलम योग्य की अयोग्य, यावर वेगळं बोलता येईल. पण साखळीच्या शेवटच्या कडीला किती वर्षं द्यायची यावर आपण जेवढा विचार केला, तेवढा पहिल्या कडीवर केला नाही. अशक्य वेळ लिहिणाऱ्याच्या नावावर कोणतंच कलम कधी लागलेलं मी पाहिलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांत माझे निवृत्त झालेले सीनियर आणि जोडीदार बरेच आहेत. तुमच्यातले कित्येक जण आता वाहतुकीच्या व्यवसायात आहात, कोणी कोळशाच्या गाड्या चालवता, कोणी कारखान्यांचं लॉजिस्टिक्स किंवा सुरक्षा बघता. कोणत्या ड्रायव्हरची रात्रीची गार्ड ड्युटी खोडायची, हे आपल्या एमटीच्या सुभेदाराने आपल्याला शिकवलं होतं. सकाळी ज्याला घाटात गाडी न्यायची आहे, त्याचं नाव रात्रीच्या गार्डच्या यादीत आलं की तो ते लाल पेन्सिलीने कापायचा आणि ‘साहब, इसको सोने दो’ एवढंच म्हणायचा. त्यासाठी नवा कायदा आला नव्हता, वरून पत्र आलं नव्हतं. ती लाल पेन्सिल आज तुमच्या हातात आहे. उद्या सकाळच्या गाड्यांची यादी आजच संध्याकाळी तुमच्यासमोर येईल. सही करण्याआधी एकदा, प्रत्येक नावापुढे, तो कधी झोपणार आहे ते लिहून बघा. जिथे लिहिता येणार नाही, ती गाडी एक दिवस उशिरा सोडा.